कानाला सोसेल असे संगीत



कुकरची शिट्टी झाली की कानांवर हात ठेवणारे, वरातीचा बँड जवळ आला की आईच्या पदराआड रडणारे मूल आपण पाहिले असेल. ‘भित्रं आहे’, ‘लाडावलंय’ म्हणून आपण त्याला दटावतो, प्रसंगी धपाटाही देतो. परंतु इतरांना साधा वाटणारा आवाज काहींना असह्य होतो, दुखतोसुद्धा. वैद्यकशास्त्रात याला हायपरअॅक्युसिस म्हणतात. स्वमग्न मुलांना आणि अर्धशिशीच्या रुग्णांनाही आवाजाचा त्रास पुष्कळदा होतो. हा हट्ट नव्हे!

मग अशा माणसाने संगीत ऐकूच नये काय? तसे नाही.

क्लोद देब्युसी (१८६२-१९१८) हे फ्रान्समधील संगीतकार. घरची परिस्थिती बेताची. वडील १८७१ च्या पॅरिस कम्यूनच्या उठावात सामील झाले व तुरुंगात गेले. तरीही पुढच्याच वर्षी, वयाच्या दहाव्या वर्षी, हा मुलगा पॅरिसच्या नामांकित संगीत विद्यालयात दाखल झाला. पुढे त्यांच्या संगीताला लोक ‘इम्प्रेशनिस्ट’ म्हणू लागले. क्षणभराच्या उजेडाची छटा टिपणाऱ्या चित्रकारांवरून हे नाव आले. खुद्द देब्युसींना मात्र ते पसंत नव्हते.

पियानोत हातोड्या तारांवर पडतात. पट्टीवरचे बोट उचलताच एक मऊ गादी तारेवर बसून सूर थांबवते. उजवा पेडल पायाने दाबला की या गाद्या वर राहतात आणि सूर एकमेकांत मिसळत हळूहळू विरतात. डाव्या पेडलने आवाज मऊ होतो. देब्युसींनी या विरण्याचाच सुंदर उपयोग केला. १९०५ साली प्रसिद्ध झालेली त्यांची ‘क्लेर द ल्यून’, म्हणजे ‘चांदणे’, ही रचना अगदी हळू सुरू होते, मध्ये थोडी भरते आणि पुन्हा विरत जाते. ठोका नाही, एकाएकी दणका नाही. पुढचा सूर दचकवीत नाही, म्हणून नाजूक कानाला ती सोसते.

मात्र त्यांचे सगळेच संगीत मऊ नाही. १९१० मधील ‘बुडालेले चर्च’ ही रचना हळू सुरू होऊन मध्ये चांगलीच गरजते. म्हणून आधी आपण ऐकावे, मग मुलाला ऐकवावे. मोबाईलचा आवाज अगदी कमी ठेवावा. मूल ‘पुरे’ म्हणाले की लगेच बंद करावे.

संगीत हे औषध नव्हे. त्रास फार असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. दिवसभर कानात बोळे घालून ठेवू नयेत. त्याने कान अधिकच हळवे होतात.

आणि आवाज कमी-जास्त करण्याचे बटण मुलाच्याच हाती द्या. बाहेरच्या जगाचा आवाज त्याला कमी करता येत नाही. निदान घरात तरी त्याचे ऐकले जाऊ द्या.