करुणेची श्रमविभागणी

मांसाहार आणि प्राणिदया यांचा विषय निघाला की आपले अनेक साथी 'हे भरल्या पोटाचे चोचले' म्हणून तो झटकून टाकतात. त्यांची चीड समजण्याजोगी आहे. या देशात गाईच्या नावाने माणसे मारली गेली. महाराष्ट्रात २०१५ साली बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हा थकलेल्या बैलाचा बोजा शेतकऱ्यावर आणि बुडालेल्या धंद्याचा कुरेशी समाजावर पडला. परंतु ढोंग्यांनी एखादा प्रश्न पळवला म्हणून तो खोटा ठरत नाही.

लॉघनन, हॅझलम आणि बॅस्टियन या मानसशास्त्रज्ञांनी २०१० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना सुकवलेले गोमांस खायला दिले, काहींना सुका मेवा. नंतर सर्वांना गाईविषयी प्रश्न विचारले. मांस खाल्लेल्यांच्या लेखी गाईचे नैतिक मोल कमी भरले. म्हणजे घास आधी आणि तत्त्वज्ञान मागाहून! जगणे जाणिवेला घडवते हे ज्यांनी मार्क्सकडून घेतले, त्यांनी तरी याने दचकू नये. (प्रस्तुत लेखक मटण खातो आणि दारच्या मांजरीसाठी जीव टाकतो, तेव्हा हा आरोप स्वतःवरही आहे.)

मात्र हे विस्मरण एकट्या मनाच्या बळावर टिकत नाही. त्यासाठी भिंती लागतात, आणि भिंतीआड राबणारे हात लागतात. अप्टन सिंक्लेअरची 'द जंगल' ही कादंबरी १९०५ साली 'अपील टु रीझन' या समाजवादी साप्ताहिकातच क्रमशः आली. शिकागोच्या कत्तलखान्यांतील मजुरांचे हाल दाखवणे हा तिचा हेतू होता. वाचक हादरले ते आपल्या ताटातील घाणीने! १९०६ साली मांस तपासणीचा कायदा झाला. मजुराच्या पदरी काय पडले? २०२० साली करोनाची साथ पसरली असताना अमेरिकेच्या अध्यक्षांनी मांस कारखाने चालू ठेवण्याचा आदेश काढला, तेव्हाही त्या भिंतीआड आजारी पडत होता तो कामगारच.

आपल्याकडे ही सोय जातिव्यवस्थेने फार पूर्वीच करून ठेवली होती. मेलेले ढोर ओढणारा अस्पृश्य ठरला. त्याच कातड्याच्या मोटेचे पाणी शेताला देणारा, त्याच कातड्याची वहाण घालणारा सोवळा राहिला. शाकाहारी अभिमानाने हा हिशेब कधी मांडला नाही, आणि आपल्या मांसाहारी पुरोगामीपणानेही मांडलेला नाही.

देवनारचा कत्तलखाना १९७१ पासून मुंबईत उभा आहे. गिरण्यांच्या दारांत हयात घालवलेल्या आपल्या कार्यकर्त्यांपैकी कितीजण त्याच्या आत जाऊन आले आहेत? तेथील सुरी कोण चालवतो, किती तास, कोणत्या मजुरीवर, आणि जनावर किती वेळ तडफडते, हे आपल्या एका तरी अभ्यासवर्गात कोणी विचारले आहे काय?