हात थरथरतो ते दिसतं...

महिन्यापूर्वी भाऊमामाला घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो होतो. दोन तास ताटकळल्यावर नंबर लागला. डॉक्टर चांगले आहेत, त्याबद्दल वाद नाही. त्यांनी मामाला अंगठा आणि तर्जनी पटापट टेकवायला सांगितलं, मनगट फिरवून बघितलं, खुर्चीतून उठवलं, पॅसेजमध्ये चालवलं. "छान, कंट्रोलमध्ये आहे. गोळ्या त्याच चालू ठेवा." एकूण बारा मिनिटं.

परत येताना रिक्षात मामा म्हणाला, "अरे, कंट्रोलमध्ये आहे म्हणतात. मग सकाळी उठावंसंच का वाटत नाही मला?"

काय बोलणार? "होईल रे ठीक" असं काहीतरी पुटपुटलो.

आमच्या धंद्यात हा प्रकार ओळखीचा आहे. डॅशबोर्डवर सगळे दिवे हिरवे, सीपीयू मजेत, मेमरी मजेत, आणि तिकडे कस्टमर फोनवर बोंबलतोय की साइट चालत नाही. आपण जे मोजतो ते ठीक असतं. त्याला जे लागतं ते आपण मोजतच नसतो.

पार्किन्सन्सचं हे दुखणं जुनं आहे. लंडनच्या जेम्स पार्किन्सनने १८१७ साली या आजारावर निबंध लिहिला. फक्त सहा रुग्ण, त्यातले काही तर नुसते रस्त्यावर दिसलेले. थरथर, वाकलेली चाल, सगळं त्याने अचूक टिपलं. पण ज्ञानेंद्रियं आणि बुद्धी शाबूत राहतात असंही लिहून ठेवलं, आणि मग पुढे कितीतरी वर्षं हा 'हातापायांचा आजार' होऊन बसला.

आज माहीत आहे ते असं, की पार्किन्सन्सच्या साधारण एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त रुग्णांना नैराश्याचा त्रास असतो. 'एवढा मोठा आजार झाल्यावर माणूस खचणारच' हे अर्धंच खरं. मेंदूत डोपामिन कमी होतं तसं सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिनचंही गणित बिघडतं. म्हणून तर काहींना हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधीच उदासी, घोर किंवा बद्धकोष्ठता सुरू झालेली असते, वास येईनासा झालेला असतो. म्हणजे उदासी हा आजाराचाच भाग आहे. "मन खंबीर ठेवा" हा सल्ला मधुमेह्याला "साखर कमी व्हायची इच्छा धरा" म्हणण्यासारखा आहे. (हा सल्ला मीही दिलाय. दोनदा.)

शोधताना पीडीक्यू-३९ नावाची एक प्रश्नावली सापडली. आयुष्य कसं चाललंय हे रुग्णालाच विचारणारे ३९ प्रश्न. चालण्याबद्दल, कपडे घालण्याबद्दल आहेतच, पण चारचौघांत लाज वाटते का, आजार लपवावासा वाटतो का, लोकांसमोर खाणं-पिणं टाळता का, हेही आहे. ते वाचताना मला लख्ख आठवलं. मामाने कट्ट्यावर जाणं बंद केलं ते गुडघ्यांमुळे असं आम्ही धरून चाललो होतो. गुडघे कसले! तिथे चहा येतो, आणि तो बशीत सांडतो. माणूस बत्तीस वर्षं शाळेत फळ्यावर मोत्यासारखं अक्षर काढत होता. आता अक्षर बारीक होत होत मुंग्यांसारखं झालंय आणि बँक सही जुळत नाही म्हणून चेक परत पाठवते. यातलं काही बारा मिनिटांत निघत नाही.

एक गोष्ट मात्र माझ्याच खात्यावर जमा आहे. या आजारात चेहऱ्याचे स्नायू आखडतात, चेहरा मुखवट्यासारखा होतो. माझ्या पांचट जोकवर मामा पूर्वी खदाखदा हसायचा. हळूहळू चेहऱ्यावर काही उमटेना, आणि मी जोक सांगणं बंद केलं. कुणी ठरवून नाही, पण घरातल्या सगळ्यांनीच त्याच्याशी बोलणं कमी केलं. मग आम्हीच म्हणायला मोकळे, "मामा हल्ली गप्प गप्प असतो." परवा त्याला हे बोललो तर म्हणाला, "आतून हसतो रे मी. तुम्हाला दिसत नाही."

असो. मग मी माझ्या जातीला शोभेल असं केलं: एक्सेल शीट उघडली :-) मामीने दोन आठवडे गोळ्यांच्या वेळा आणि 'आत्ता कसं वाटतंय' हे दर तासाला लिहिलं. गोळी आठला, बारालाʼ, चारला, आठला. आणि घाबरं होणं, सगळं संपलं असं वाटणं हे बऱ्याचदा साडेअकरा आणि साडेतीनच्या आसपास! लेव्होडोपाचा असर उतरला की हात-पाय जसे आखडतात तसं काहींचं मनही बसतं. तो कागद बघितल्यावर डॉक्टरांनी पंधरा मिनिटं जास्त दिली, वेळा बदलल्या आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं. कागद नसता तर? मला वाटतं, हा प्रश्न प्रत्येक तपासणीत डॉक्टरांकडूनच यायला हवा. बोटं टेकवायला सांगता तसंच "झोप कशी? कशात मन लागतं का?" हेही विचारा की. दोन मिनिटं लागतात.

आणि मामीला कोण विचारणार? तिने भिशीला जाणं कधी सोडलं हे आमच्यापैकी कुणालाच सांगता आलं नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत पार्किन्सन्स आहे, हे चांगलंच झालं. पण कट्टा कायद्याने परत मिळत नाही. न्यूयॉर्कला ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ पासून पार्किन्सन्सच्या लोकांसाठी नाचाचे वर्ग सुरू केले. आपल्या पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. मामाला तिकडे न्यायचं म्हटल्यावर आधी "मी काय नाचू?" वगैरे झालं. गेला. तिथे चहा सगळ्यांचाच सांडतो, त्यामुळे कप अर्धाच भरतात.

वाचणाऱ्यांपैकी अर्धे जण बंगलोरला नाहीतर बे एरियात असतील, आणि रविवारच्या कॉलवर पहिला प्रश्न "बाबा, हात कसा आहे?" हाच असेल. माझाही तोच असायचा. आता मी जोक सांगतो आणि वाट बघतो. गेल्या रविवारी उलटंच झालं. मामाने अगदी निर्विकार चेहऱ्याने सांगितलं की बँकेने त्याला पत्र पाठवलंय, तुमची सही आता कुणालाच करता येत नाही, तेव्हा खातं एकदम सुरक्षित आहे.

मला कळायला चांगले पाच सेकंद लागले.