आधी कारण, मग फॉरमॅट

सोयाबीनच्या मळण्या सुरू झाल्या की आठ-पंधरा दिवसांत आमच्याकडचे संगणक आपोआप बंद पडायला लागतात. वाशीम जिल्ह्यात रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कुठेही जा. रस्त्याच्या कडेला थ्रेशर लागलेलं असतं आणि बारीक भुसा वाऱ्यावर थेट दुकानात शिरतो. सेतू केंद्र, झेरॉक्सचं दुकान, पतसंस्था, शाळेची संगणक खोली, सगळीकडे टेबलाखालचा संगणकाचा डबा तो भुसा पंख्याने आत ओढत राहतो. प्रोसेसरवरच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये त्याचा थर बसतो आणि गरम हवेची वाट अडते. प्रोसेसर शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास गेला की आधी स्वतःचा वेग कमी करतो. तरीही ताप उतरला नाही तर मशीन बंद होतं.

मालक म्हणतो, "भाऊ, मशीन लय हँग होऊन राह्यलं." उत्तर ठरलेलं असतं, "व्हायरस असंन, फॉरमॅट मारून देतो." फॉरमॅट होतो, पैसे जातात, जुने फोटो आणि हिशेबाच्या फाइलीही जातात. भुसा मात्र जागच्या जागी राहतो, कारण फॉरमॅट मारायला डबा उघडावा लागत नाही. खरा उपाय म्हणजे वीज काढून, डबा अंगणात नेऊन, पंख्याचं पातं बोटाने धरून मारलेली ब्लोअरची हवा. मळणीच्या हंगामानंतर एकदा आणि उन्हाळ्यापूर्वी एकदा एवढं केलं तरी वर्षभराची बरीच दुखणी टळतात.

संगणक उघडून पाहण्याचा छंद मला फार जुना आहे. या छंदाने मला एकच गोष्ट पक्की शिकवली. बिघाडाला कारण असतं, ते बहुतेक वेळा साधं असतं, आणि ते शोधल्याशिवाय केलेला खर्च हा अंदाजाने दिलेल्या औषधासारखा असतो. आज आपल्या भागातल्या चार दुखण्यांबद्दल आणि हाती लागलेल्या दोन-तीन उपयोगी वस्तूंबद्दल लिहितो.

पहिलं दुखणं तारखेचं. पीक विम्याची किंवा शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत संपत आलेली, केंद्रावर रांग लागलेली, आणि संगणकावर एकही सरकारी संकेतस्थळ उघडत नाही. पडद्यावर 'कनेक्शन सुरक्षित नाही' असा इशारा येतो. लोक नेटवाल्याला फोन लावतात, राउटर बंद-चालू करतात. अशा वेळी आधी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात पाहा. तिथे एखादं जुनंच साल दिसलं तर रोग सापडला.

मदरबोर्डवर बटणाएवढा एक सेल असतो, सीआर २०३२. वीस मिलिमीटर व्यासाचा, तीन व्होल्टचा. संगणकाची वीज पूर्ण बंद असते तेव्हा आतलं घड्याळ या सेलवर चालतं. त्या घड्याळात क्वार्ट्झचा एक स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक उरतो, आणि तोच आपला एक सेकंद. भिंतीवरचं बटण चालू असेल तर घड्याळाला विजेतून पुरवठा मिळतो. आपल्याकडे रात्री मेन स्विच बंद करून घरी जायची पद्धत आहे, शिवाय लाइट जातेच. म्हणून सेलवरचा भार वाढतो आणि काही वर्षांत तो संपतो. मग रोज सकाळी संगणक जुन्याच एखाद्या तारखेला जागा होतो.

तारखेचा आणि संकेतस्थळाचा संबंध असा. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाकडे डिजिटल प्रमाणपत्र असतं आणि ते अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच वैध असतं. ब्राउझर ते आपल्या संगणकाच्या घड्याळाशी ताडून पाहतो. २०१० साली जागा झालेल्या संगणकाच्या लेखी २०२५ चं प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नसतं, म्हणून तो दार उघडत नाही. २०२० पासून अशा प्रमाणपत्राची मुदत जास्तीत जास्त ३९८ दिवस होती. २०२९ पर्यंत ती टप्प्याटप्प्याने ४७ दिवसांवर आणायचं ठरलेलं आहे. म्हणजे घड्याळ थोडं मागे पडलं तरी पुढे अडचण होणार. तीस-चाळीस रुपयांचा सेल बदलायचा, तारीख लावायची, काम झालं. मुदतीच्या दिवशी शेतकऱ्याचा अर्ज एका सेलपायी राहून जाणं मला फार लागतं. प्रत्येक केंद्रचालकाने असा एक सेल टेबलाच्या खणात ठेवावा.

दुसरं दुखणं हाताला कळतं. डब्याच्या पत्र्याला किंवा लॅपटॉपच्या कडेला हात लागला की मुंग्या येतात. "थोडा करंट मारते, पण चालते," असं म्हणून लोक वर्षानुवर्षं काम करतात. संगणकाला वीज देणाऱ्या एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर असतात. ते फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांना डब्याच्या पत्र्याशी जोडतात. अर्थिंग असेल तर त्यातून झिरपणारा किंचित प्रवाह जमिनीत निघून जातो. अर्थिंग नसेल तर पत्रा दोन्ही तारांच्या मधोमध, २३० व्होल्टच्या निम्म्यावर लटकत राहतो. प्रवाह अगदी थोडा, म्हणून नुसत्या मुंग्या येतात. पण उद्या आतली एखादी तार खरोखर पत्र्याला टेकली तर वीज जायला वाट कोणती? हात लावणाऱ्या माणसाची. शाळेत अशाच डब्याला प्रोजेक्टरची केबल जोडताना पोर्ट जळतात, ते वेगळंच.

अर्थिंग नसण्याची कारणं आपल्या मातीतच आहेत. खड्ड्यात कोळसा-मीठ घालून पट्टी पुरलेली असते, पण ओलावा असेपर्यंतच ती काम करते. वैशाखात वाशीमचा पारा चाळिशीच्या वर जातो, काळी जमीन भेगाळते आणि कोरडी माती वीज वाहून नेत नाही. पावसाळ्यात चांगली असलेली अर्थिंग उन्हाळ्यात निकामी होते. म्हणून उन्हाळाभर त्या खड्ड्यात नियमित पाणी ओतलं पाहिजे. काही ठिकाणी तर प्लगची तिसरी जाड पीनच मोडून टाकलेली असते, दोन पिनांच्या बोर्डात बसावी म्हणून. वायरमनला बोलवा आणि मल्टिमीटर लावायला सांगा. फेज आणि अर्थ यांच्यात साधारण फेज-न्यूट्रलएवढंच व्होल्टेज दिसलं पाहिजे, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-चार व्होल्टच. स्वतः हात घालू नका.

याच कामातून मला सापडलेली वस्तू म्हणजे ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. खांबावर न्यूट्रल सैल झाला किंवा तुटला तर एका घरातला दिवा मंदावतो आणि शेजारच्या घरातला एकदम पांढराफेक होतो. तीन फेजच्या लाइनमध्ये दोन फेजांत ४०० व्होल्ट असतात. न्यूट्रल सुटला की त्यातला मोठा वाटा एखाद्याच घराच्या वाट्याला येतो. टीव्ही, चार्जर, एसएमपीएस एका दमात जळतात ते अशा वेळी. हा प्रोटेक्टर एमसीबीच्या पेटीत बसतो, आकड्यात व्होल्टेज दाखवतो, आणि ते ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं की वीज तोडतो. ज्या दुकानाची रोजी संगणकावर चालते, तिथे तो असलाच पाहिजे.

तिसरं दुखणं मंदपणाचं. सकाळी बटण दाबून चहा पिऊन आलं तरी संगणक सुरू होतोच आहे. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कच्या पुढे शंभर टक्के दिसत असेल तर दोष प्रोसेसरचा नाही. जुन्या हार्ड डिस्कमध्ये मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेणारी चकती असते आणि तिच्यावर माहिती शोधत फिरणारा दांडा. विखुरलेल्या ठिकाणची माहिती ती सेकंदाला शंभर-दीडशे वेळाच शोधू शकते. नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये, म्हणजे एसएसडीमध्ये, फिरणारं काहीच नाही, म्हणून ती हेच काम हजारो वेळा करते. नवा संगणक घेण्याआधी जुन्यात एसएसडी टाकून पाहा.

पण त्याआधी एक तपासणी हवीच. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा मोफत प्रोग्राम डिस्कची प्रकृती सांगतो. तिथे निळ्याऐवजी पिवळा रंग दिसला तर डिस्कचे काही भाग मरायला लागले आहेत असं समजा. अशा डिस्कवर फॉरमॅट मारणं हा अपराध आहे. आधी माहिती दुसरीकडे उतरवून घ्या. आणखी एक. घाईघाईने मारलेल्या फॉरमॅटने माहिती पुसली जात नाही, फक्त तिची अनुक्रमणिका जाते. केंद्रावरच्या डिस्कमध्ये गावाच्या गावांची आधार कार्डं आणि पासबुकं साठलेली असतात. ती डिस्क तशीच भंगारात देणं म्हणजे लोकांची कागदपत्रं रस्त्यावर टाकणं. विकण्याआधी ती पूर्ण पुसा, नाहीतर फोडा.

जुन्या संगणकांची आणखी एक अडचण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर सुरक्षेच्या दुरुस्त्या आणखी वर्षभर मिळतात, तेवढंच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१५-१६ च्या सुमारास शाळांनी आणि घरांनी घेतलेले चांगले चालणारे संगणक एका तारखेने म्हातारे ठरले. ते भंगारात जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं. चार जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर लिनक्स मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती त्यांवर नीट चालते. मराठी इनस्क्रिप्ट कळफलक तिच्यात आहे, लिबरऑफिसही आहे. विद्यार्थ्याला टंकलेखन, हिशेबाचे तक्ते आणि प्रोग्रामिंग शिकायला एवढं भरपूर झालं. सेतू केंद्राला मात्र मी हा सल्ला देत नाही. बोटांचे ठसे घेणारी यंत्रं आणि डिजिटल सहीचे टोकन यांची सॉफ्टवेअर बहुतेक विंडोजवरच चालतात.

चौथं दुखणं खास आपलं, मराठीचं. ग्रामपंचायतीच्या जुन्या ठरावाची फाइल मोबाइलवर पाठवली की तिच्यात इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. "फाइल करप्ट झाली," असं म्हणून ती टाकून देतात. ती अगदी धडधाकट असते. जुन्या डीव्हीबी-टीटी किंवा श्रीलिपीच्या फाँटमध्ये मराठी अक्षरांचे आकार इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर बसवलेले होते. तो फाँट नसलेल्या यंत्राला आकार मिळत नाहीत, म्हणून ते मूळ जागांवरची अक्षरं दाखवतं. युनिकोडने १९९१ मध्ये देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा दिल्या आणि विंडोज २००० पासून त्या घरच्या संगणकावर वापरता येऊ लागल्या. अशी फाइल कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा, मग 'ऱ्या', 'ऱ्हा' आणि रफार एकदा डोळ्यांनी तपासा, कारण रूपांतरात सर्वाधिक चुका तिथेच होतात. गावाचे जुने ठराव, शाळेच्या याद्या आणि दिवाळी अंकांचा मजकूर अशा फाइलींत पडून आहे. तो वाचवणं हे आपल्या पिढीचं काम आहे.

आता एक सुखाची वस्तू. लाइट गेली की नेट जातं, हे आपण धरूनच चालतो. पण फायबरच्या जोडणीत एक्स्चेंजपासून घरापर्यंतची वाट बहुधा विजेशिवाय चालते. वाटेतला स्प्लिटर फक्त प्रकाश वाटतो, त्याला वीज लागत नाही. एक्स्चेंजवर बॅटरी असते, बंद पडतो तो फक्त आपला राउटर. त्याच्या ॲडॉप्टरवर १२ व्होल्ट लिहिलेलं असेल तर तेवढ्याच व्होल्टचा मिनी यूपीएस मिळतो, तळहाताएवढा. तो लावला की लाइट गेल्यावरही दोन-तीन तास नेट चालतं. परीक्षेच्या दिवसांत घरात मुलं असतील तर हा खर्च जरूर करा.

वाशीम १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा जिल्हा झाला. २०१८ साली नीती आयोगाच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांत राज्यातले चार जिल्हे आले, त्यांत वाशीम होता. अशा जिल्ह्यातही आता दाखला, सातबारा, विमा, शिष्यवृत्ती सगळं संगणकावर आलं आहे. संगणक गावागावात पोचले, ते दुरुस्त करण्याचं ज्ञान मात्र त्या वेगाने पोचलं नाही. बऱ्याच कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरसाठी अजूनही अकोला-अमरावतीची वाट धरावी लागते. आयटीआयमध्ये आणि माध्यमिक शाळांत जुने डबे उघडून मुलांना हे शिकवता येईल. त्यासाठी मल्टिमीटर, ब्लोअर, स्क्रू ड्रायव्हरचा संच आणि शिकवायची इच्छा असलेला एक शिक्षक पुरे.

आणि आपल्यासाठी एक नियम. संगणक दुरुस्तीला दिला की बिलावर 'फॉरमॅट' एवढंच लिहून घेऊ नका. बिघाडाचं कारण काय होतं ते लिहायला सांगा. सेल, भुसा, अर्थिंग, डिस्क, जे असेल ते. गिऱ्हाईक कारण विचारू लागलं की दुरुस्तीवाला ते शोधू लागेल, आणि जो नीट शोधतो त्याच्याकडेच पुढचं गिऱ्हाईक जाईल.