मूत्रपिंडाची योजना, डोळ्यांची उपेक्षा

मूत्रपिंडे निकामी झालेला रहिमतपूरचा शेतमजूर आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी साताऱ्यास जातो, तेव्हा त्याचा त्या दिवसाचा रोजगार बुडतो. प्रत्येक खेपेस सुमारे चार तास. म्हणजे वर्षाकाठी सहाशेहून अधिक तास तो वैद्यकीय यंत्रणेच्या नजरेसमोर असतो. तरीही त्याची स्वतःची नजर मावळत चालल्याचे त्या यंत्रणेच्या ध्यानी येईलच, अशी शाश्वती नाही. या विसंगतीला दैव म्हणून गप्प बसता येणार नाही.

मधुमेह आणि उच्च रक्तदाब हे मूत्रपिंडातील व दृष्टिपटलातील सूक्ष्म रक्तवाहिन्या एकाच वेळी पोखरतात. त्यात डायलिसिसच्या वेळी रक्तदाब फार उतरला, तर डोळ्याच्या मज्जातंतूचा रक्तपुरवठा तुटून वेदनेवाचून अचानक दृष्टी जाऊ शकते. कॅल्शियम व फॉस्फरसचा तोल बिघडला की डोळ्याच्या पृष्ठभागावर क्षार साचतात, डोळे लाल होतात. रुग्ण मात्र ‘अशक्तपणा असेल’, ‘चष्म्याचा नंबर वाढला असेल’ असे म्हणून सोसत राहतो. मधुमेहाने ग्रासलेले दृष्टिपटल लेसरने वा इंजेक्शनने वेळीच सावरता येते. पुरती गेलेली दृष्टी बहुधा परतत नाही.

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना मोफत डायलिसिस देणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१६ साली आला. दोहोंचे मोल निर्विवाद आहे. पण कार्यक्रम दोन, फायली दोन आणि रुग्ण मात्र एकच! एकीकडे डायलिसिसच्या सत्रांचा हिशेब, दुसरीकडे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचा. या दोन रकान्यांच्या मधल्या जागेत माणूस हरवतो.

खर्च कोठून आणावयाचा, असे विचारणाऱ्यांनी घरातला हिशेबही मांडावा. दृष्टी गमावलेल्या रुग्णाबरोबर प्रत्येक खेपेस दुसऱ्या कोणी तरी जावेच लागते. आठवड्याला आणखी तीन दिवसांची मजुरी बुडते. सरकारने वाचविलेला पैसा असा गरिबाच्या चुलीतून वसूल होतो.

म्हणून कार्यकर्त्यांनी नेमकी मागणी लावून धरली पाहिजे. डायलिसिस सुरू होताना आणि पुढे निदान वर्षातून एकदा, त्याच केंद्रात दृष्टिपटलाची छायाचित्रे घेऊन तपासणी व्हावी. दरमहा परिचारिकेने नजरेची विचारपूस करून नोंद ठेवावी. एकाएकी दिसेनासे झाल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ मिळावा. त्यासाठी रुग्णाला वेगळी खेप घालावी लागू नये. आठवड्यातून तीनदा तो दारात येतोच आहे. त्याच्या डोळ्यांत डोकावून पाहण्याचे कर्तव्य शासनाचे आहे.