४८०० रुपयांची चोरी

परवा शनिवारी सिंहगडावर गेलो होतो. पायथ्याशी बाईक लावली, हेल्मेट सीटखालच्या हुकाला अडकवलं आणि सुटलो वर. पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही वगैरे यथासांग उरकून खाली येतो तर हुकाला पट्ट्याचा तुकडा तेवढा लोंबतोय! हँडलवरचा मोबाईल होल्डरही गायब.

आता सांगा, पट्टा कापलेल्या हेल्मेटचा उपयोग काय? ती नुसती टोपी. पडल्यावर पहिल्यांदा तीच उडणार. कुणीतरी पट्टा शिवून ते विकणार आणि कुणीतरी विश्वासाने घालणार. मला ४८०० रुपयांपेक्षा याचाच जास्त राग आला. (मी स्वतः घरापर्यंत विनाहेल्मेट आलो, तेही जीव मुठीत धरून.)

चौकीत हवालदारसाहेबांनी विचारलं, "किंमत किती?" म्हटलं, हेल्मेट ४२००, होल्डर ६००. "मग एनसी." घरी येऊन वाचलं. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले, त्यात ५००० रुपयांच्या आतली चोरी अदखलपात्र. म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपासच करू शकत नाहीत. जुन्या ३७९ कलमात अशी मर्यादा नव्हती. पहिल्यांदाच सापडलेल्या चोराने माल किंवा त्याची किंमत परत केली तर शिक्षा समाजसेवेची, ते मला पटतं. पण आधी तो सापडायला नको का? विम्याचं तर विचारूच नका. नेहमीच्या टू-व्हीलर पॉलिसीत ॲक्सेसरीजची चोरी तेव्हाच धरतात, जेव्हा गाडीही सोबत चोरीला जाते!

म्हणजे आपलं आपणच बघायचं. माझं मत विचाराल तर सगळा घोळ 'क्विक रिलीज' या प्रकाराने केलाय. जे आपल्याला दोन सेकंदात काढता येतं ते चोरालाही येतंच ना. होल्डर ॲलन बोल्टवाला घ्या आणि बोल्टच्या खाचेत मापाची बेअरिंगची गोळी फेव्हीक्विकने बसवा. चावी आत जातच नाही. स्वतःला काढायची झाली तर ॲसिटोन टाकायचं, थोडं खरवडायचं. जुगाड आहे, पण चालतो.

हेल्मेट मात्र पट्ट्याने अडकवू नका. फुलफेस असेल तर बारीक स्टीलची केबल खालून घालून काचेच्या खिडकीतून बाहेर काढा आणि गाडीच्या फ्रेमला लॉक करा. हनुवटीची पट्टी म्हणजे बंद कडी, ती ब्लेडने कापता येत नाही. कटर घेऊन आलेल्यापुढे केबल टिकणार नाही हे मान्य, पण पार्किंगमध्ये कटर घेऊन फिरणारा बहुतेक हेल्मेटसाठी आलेला नसतो. ओपनफेसवाल्यांना हेही जमत नाही. आणि स्कूटरवाले डिकीत हेल्मेट टाकून आपल्याला हसत असतात, ते वेगळंच.

असो. केबल घेतलीये, गोळ्या बसवल्यात. बायको म्हणते, एवढं करण्यापेक्षा हेल्मेट हातात घेऊन गड चढ. पुढच्या शनिवारी तेही करून बघणार आहे, निदान दह्याचं मडकं ठेवायला सोय होईल.