संगणकाला वारा की पाणी? खरा प्रश्न उष्णता कुठे जाते हा आहे

मे २०२२ मध्ये राष्ट्रीय महासंगणन अभियानातून दोन यंत्रे सुरू झाली. तिरुचिरापल्लीच्या एनआयटीत ‘परम पोरुल’ आणि गांधीनगरच्या आयआयटीत ‘परम अनंत’. प्रत्येकाची क्षमता ८३८ टेराफ्लॉप्स. दोन्ही यंत्रांमध्ये प्रोसेसरची उष्णता हवेच्या झोताने नव्हे, तर प्रोसेसरला भिडवलेल्या पट्टीतून वाहणाऱ्या द्रवाने उचलली जाते. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी देशात उभ्या राहणाऱ्या नव्या केंद्रांतही हेच तंत्र येऊ लागले आहे.

या बातम्यांची एक सावली घरगुती बाजारावर पडली आहे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, बंगळूरूचा एस. पी. रोड असो की दिल्लीचे नेहरू प्लेस, काचेच्या कॅबिनेटमध्ये चमकणाऱ्या नळ्या असलेला ‘वॉटर कूल्ड’ संगणक आज प्रतिष्ठेची वस्तू झाला आहे. अभियांत्रिकीचा विद्यार्थी मोजक्या पैशांत संगणक जुळवून घेताना स्मृती आणि साठवण यांवर काटकसर करतो आणि वाचलेली रक्कम पाण्याच्या कूलरवर घालतो. त्यामागचा तर्क सरळ वाटतो: देशाच्या महासंगणकाला जे मानवते, ते घरच्या यंत्राला का मानवू नये?

हा तर्क चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे समजायला शालेय भौतिकशास्त्र पुरेसे आहे.

पाण्याची बाजू आधी प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. एक किलो पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवायला सुमारे ४.१८ किलोज्यूल उष्णता लागते. एक किलो हवेला सुमारे एक किलोज्यूल. त्यात हवा अत्यंत विरळ. घनफळाच्या हिशेबाने पाणी हवेपेक्षा सुमारे साडेतीन हजार पट अधिक उष्णता सामावून घेते. व्यवहारात याचा अर्थ असा की, २०० वॅट उष्णता वाहून नेताना माध्यमाचे तापमान १० अंशांनीच वाढावे असे ठरवले, तर सेकंदाला सुमारे १७ लिटर हवा हलवावी लागते. पाणी मात्र मिनिटाला ३०० मिलिलिटर पुरते. म्हणजे चहाचे दोन-तीन कप. पाण्याचा हा मोठेपणा निर्विवाद आहे.

पण हा मोठेपणा वाहकाचा आहे. पाणी उष्णता नष्ट करत नाही, ती एका जागेवरून दुसऱ्या जागी नेते. म्हणून शीतनाच्या कोणत्याही योजनेला विचारायचा पहिला प्रश्न ‘माध्यम कोणते?’ हा नसून ‘उष्णता शेवटी कुठे टाकली जाते?’ हा आहे.

घरच्या संगणकात या प्रश्नाचे उत्तर दोन्ही बाबतीत एकच आहे. एअर कूलरमध्ये प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या तळातून ॲल्युमिनियमच्या पात्यांकडे जाते आणि पंखा ती खोलीच्या हवेत सोडतो. वॉटर कूलरमध्ये ती पाण्यात शिरते, पंप ते पाणी रेडिएटरकडे ढकलतो, रेडिएटरच्याही पात्याच असतात आणि तेथेही पंखाच ती उष्णता त्याच खोलीच्या हवेत सोडतो. ज्याला जलशीतन म्हटले जाते ते शेवटी वायुशीतनच असते. वाटेत पाण्याचा एक वळसा असतो, एवढेच. ५०० वॅट वीज खाणारा संगणक खोलीत ५०० वॅट उष्णता ओततो. नळ्यांनी त्यातला एक वॅटही कमी होत नाही. खोलीत वातानुकूलन यंत्र असेल, तर ही उष्णता बाहेर काढायला ते साधारण आणखी दीडशे वॅट वीज खर्च करते.

भारतात हा गैरसमज अधिक सहज रुजतो, कारण पाणी आणि गारवा यांची सांगड येथील अनुभवात घट्ट बसली आहे. माठातले पाणी भर वैशाखात गार लागते. वाळ्याच्या पडद्यावर पाणी शिंपडले की येणारी झुळूक सुखावते. विदर्भापासून राजस्थानपर्यंत डेझर्ट कूलर घरोघरी चालतो. पण या तिन्ही ठिकाणी थंडावा येतो तो बाष्पीभवनातून. पाण्याची वाफ होताना ती अप्रकट उष्मा घेऊन जाते, म्हणूनच माठातले पाणी भोवतालच्या हवेपेक्षा थंड होऊ शकते. संगणकाच्या बंद नळ्यांतील पाण्याची वाफ होऊन ती बाहेर पडत नाही. त्यामुळे ते पाणी खोलीच्या तापमानाच्या खाली जाऊच शकत नाही. खोलीत ४० अंश असतील, तर रेडिएटरमधून परतणारे पाणी ४० अंशांहून गरमच असणार.

गंमत अशी की, वाफेची ही किमया संगणकात जर कुठे वापरली जात असेल तर ती एअर कूलरमध्ये. आजच्या चांगल्या एअर कूलरच्या तळातून पात्यांकडे जाणाऱ्या तांब्याच्या नळ्या भरीव नसतात. त्या पोकळ, निर्वात केलेल्या आणि आत थोडेसे पाणी असलेल्या उष्णतानलिका असतात. दाब अतिशय कमी असल्याने हे पाणी प्रोसेसरजवळ कमी तापमानालाच उकळते. वाफ थंड टोकाकडे धावते, तेथे तिचे पाणी होते आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून केशाकर्षणाने ते परत येते. पंप नाही, वीज नाही, आवाज नाही. अमेरिकेतील लॉस अलामोस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये विकसित केलेले हे तंत्र अंतराळयानांसाठी उपयोगी ठरले. इस्रोच्या उपग्रहांमध्येही अमोनिया भरलेल्या अशा नलिका वापरल्या जातात. बहुतेक लॅपटॉपमध्ये हेच तंत्र असते. ‘साधा’ म्हणून हिणवला जाणारा कूलर इतका साधा नाही.

आता उन्हाळ्याचा हिशेब. उदाहरणादाखल प्रोसेसर १६० वॅट उष्णता देतो असे धरावे. चांगल्या एअर कूलरने प्रत्येक वॅटमागे तापमान भोवतालपेक्षा ०.३० अंश वाढते आणि मोठ्या वॉटर कूलरने ०.२५ अंश, असेही मानावे. २५ अंशांच्या खोलीत पहिला प्रोसेसर ७३ अंशांवर राहील, दुसरा ६५ अंशांवर. खोली ४० अंशांवर गेली की पहिला ८८, दुसरा ८०. कूलर बदलून ८ अंश मिळतात. खोलीमुळे १५ अंश जातात. २०१६ च्या मे महिन्यात राजस्थानातील फलोदी येथे ५१ अंश तापमान नोंदले गेले होते. ज्या देशात उन्हाळे असे असतात, तेथे खिडकीला लावलेला बाहेर हवा फेकणारा पंखा हा चमकणाऱ्या नळ्यांपेक्षा अधिक वैज्ञानिक उपाय ठरू शकतो.

तुलनात्मक चाचण्या वाचतानाही एक सावधगिरी हवी. घरगुती वॉटर कूलरमधील पाणी साधारण ३०० मिलिलिटर धरले, तर ते १० अंशांनी तापायला सुमारे साडेबारा किलोज्यूल लागतात. २०० वॅटच्या भाराखाली, रेडिएटरने काहीच उष्णता बाहेर टाकली नाही तरी, यात एक मिनिट जाते. प्रत्यक्षात रेडिएटर काम करत असल्याने तापमान स्थिरावायला कित्येक मिनिटे लागतात. त्यामुळे पाच मिनिटांची चाचणी पाण्याला झुकते माप देते. जे यंत्र तासन्‌तास गणन करणार आहे, त्याची परीक्षाही तेवढीच लांब हवी.

याशिवाय देखभालीचा प्रश्न आहे. एअर कूलरमध्ये बिघडू शकणारा भाग एकच, पंखा, आणि तो कोणत्याही गावात बदलता येतो. वॉटर कूलरमध्ये पंखे तर असतातच, शिवाय अहोरात्र फिरणारा पंप असतो आणि वर्षांगणिक नळ्यांच्या भिंतींतून सूक्ष्म प्रमाणात निसटणारे पाणी असते. पंप थांबला तर यंत्र काही क्षणांत तापते. गळतीचा संभव कमी असला तरी शून्य नसतो. भारतीय शहरांतील धूळ दोघांच्याही पात्यांत बसते, म्हणजे साफसफाईतूनही सुटका नाही.

मग जलशीतनाला घरात स्थानच नाही का? आहे, पण ते मर्यादित आहे. इंटेलच्या कोअर आय-९ १३९००के सारख्या प्रोसेसरला पूर्ण भाराखाली २५३ वॅटपर्यंत वीज घेण्याची मुभा आहे. इतकी उष्णता दीर्घकाळ काढायची तर मोठे पृष्ठफळ लागते. रेडिएटर कॅबिनेटच्या कडेला बसवता येत असल्याने तो ते देऊ शकतो आणि गरम हवा ग्राफिक्स कार्डाजवळ न घुटमळता थेट बाहेर जाते. अरुंद कॅबिनेटमध्ये उंच एअर कूलर मावत नाही, तेथेही पाणी उपयोगी पडते. चलच्चित्रांचे संस्करण किंवा वैज्ञानिक गणन दिवसभर चालवणाऱ्याने या खर्चाचा विचार करणे रास्त आहे. ६५ वॅटच्या प्रोसेसरवर अभ्यास, प्रोग्रॅमिंग आणि अधूनमधून खेळ खेळणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र त्यातून मिळते ते बहुतांशी शोभेचे समाधान. त्यासाठी कित्येकदा तिप्पट-चौपट किंमत मोजली जाते.

खरे तर सर्वांत स्वस्त शीतन म्हणजे उष्णता निर्माणच न करणे. प्रोसेसरमध्ये खर्च होणारी वीज ही व्होल्टेजचा वर्ग आणि घड्याळाची वारंवारता यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. शेवटचा थोडासा वेग मिळवण्यासाठी व्होल्टेज वाढवावे लागते आणि विजेचा खर्च वेगापेक्षा कितीतरी झपाट्याने वाढतो. उलट, विजेची मर्यादा निम्म्यावर आणली तरी वेग निम्मा होत नाही. घट त्याहून बरीच कमी असते. ही मर्यादा अनेक मदरबोर्डांच्या सेटिंगमध्ये विनाखर्च बदलता येते. नवा कूलर घेण्याआधी हा प्रयोग करून पाहणारा विद्यार्थी पैसे वाचवतो आणि सीमॉस परिपथांचे भौतिकशास्त्रही शिकतो.

आता महासंगणकांकडे परत येता येईल. तेथे पाणी का योग्य ठरते? कारण तेथे पाणी उष्णता खोलीत सोडत नाही, इमारतीबाहेर नेते. एनव्हिडियाच्या एच१०० या ग्राफिक्स प्रोसेसरची एक आवृत्ती एकटीच ७०० वॅटपर्यंत वीज घेते. असे ७२ नवे प्रोसेसर एका कपाटात बसवले की ते कपाट सुमारे १२० किलोवॅटवर जाते. इतकी उष्णता हवेने हलवायची तर त्या दालनात वादळ निर्माण करावे लागेल. थोडक्यात, घर आणि महासंगणक यांच्यातला फरक प्रतिष्ठेचा नाही. उष्णतेची घनता आणि तिचे अंतिम ठिकाण यांचा आहे.

मात्र तोच प्रश्न तेथेही टळत नाही: बाहेर नेलेली उष्णता कुठे टाकायची? अनेक केंद्रांत ती शीतन मनोऱ्यांत पाण्याची वाफ करून टाकली जाते. माठाचेच तत्त्व, प्रचंड आकारात. एक मेगावॅट उष्णता केवळ बाष्पीभवनाने घालवायची तर दिवसाला सुमारे ३५ हजार लिटर पाणी हवेत जाते. चेन्नईने २०१९ मध्ये आणि बंगळूरूने २०२४ मध्ये पाणीटंचाईचे जे दिवस पाहिले, ते लक्षात घेता हा आकडा तांत्रिक तपशील म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

पर्याय अस्तित्वात आहेत. जर्मनीत म्युनिकजवळ २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘सुपरएमयूसी’ महासंगणकाने ४० अंशांहून अधिक तापमानाच्या कोमट पाण्याने प्रोसेसर सुरक्षित ठेवून दाखवले. पाणी कोमट चालते म्हटल्यावर ते थंड करायला वाफेची गरज कमी होते, कोरडी हवा पुरते. पण म्युनिकची हवा आणि गांधीनगरची हवा एक नव्हे. मे महिन्यात बाहेरच ४२ अंश असताना हे कसे साधायचे, हा भारतीय अभियंत्यांचा स्वतःचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर आयात करता येणार नाही. पाणी कुठून येणार आणि उष्णता कुठे जाणार, हे दोन आकडे प्रत्येक नव्या केंद्राने टेराफ्लॉप्सच्या आकड्याशेजारी जाहीर केले पाहिजेत.

त्या अभियंत्यांपैकी काही आज वसतिगृहाच्या खोलीत पहिला संगणक जुळवत असतील. वारा की पाणी, हा निर्णय चमक पाहून न घेता कागदावर वॅट आणि अंश मांडून घेतला, तर पुढच्या मोठ्या प्रश्नाची तयारी तेथेच सुरू होते.

#विज्ञान #संगणक #उष्णता #महासंगणक