पिवळ्या चौकटीवर पांढरी अक्षरे

गेल्या महिन्यात रात्री साडेआठच्या सुमारास आमच्या गल्लीतली एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. डोळे भरलेले. वडील बिगारी कामावर, आई चार घरची धुणीभांडी करते. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजात तिला प्रोजेक्ट सादर करायचा होता. विषय वस्तीतल्या नळांचा. सगळी माहिती पोरीने घरोघर फिरून गोळा केलेली. पण सरांनी दुपारी पडद्यावर स्लाइड पाहिल्या आणि म्हणाले, काही दिसत नाही, रंग बदलून आण. पिवळ्या चौकटी आणि त्यावर पांढरी अक्षरे! सायबरमध्ये तासावर पैसे भरून तिने एकेक चौकट बदलायला घेतली. आठ झाल्या आणि पैसे संपले.

"काका, अजून तीस राहिल्यात."

अभ्यासिकेची किल्ली माझ्याकडेच असते. तिथल्या जुन्या संगणकावर आम्ही बसलो. साहेबांच्या मीटिंगच्या स्लाइड करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि हाच गाढवपणा मीही केलेला आहे.

पॉवरपॉइंटमध्ये चौकटीवर क्लिक केले की वर 'शेप फॉरमॅट' दिसते. त्यात 'शेप फिल' म्हणजे आतला रंग, 'शेप आउटलाइन' म्हणजे कडेची रेघ. स्लाइडवर पाच चौकटी असतील तर शिफ्टचे बटण दाबून धरावे, पाचही चौकटींवर क्लिक करावे आणि रंग एकदाच द्यावा. अक्षरांचा रंग मात्र 'होम'मधून वेगळा द्यावा लागतो. मुले तो विसरतात.

खरी गोम पुढे आहे. 'शेप फिल' उघडले की वर दहा रकाने दिसतात, त्याच रंगांच्या फिक्या-गडद छटांसह. ते 'थीम कलर्स'. त्याखाली एकच ओळ, 'स्टँडर्ड कलर्स'. लाल, पिवळा, हिरवा असे भडक रंग तिथे असल्याने बोट तिकडेच जाते. पण त्या ओळीतला रंग चौकटीला चिकटून बसतो. वरच्या रकान्यातला घेतला असता, तर 'डिझाइन'मध्ये जाऊन 'व्हेरियंट्स'मधून 'कलर्स'चा दुसरा संच निवडताच सगळ्या स्लाइडवरच्या चौकटी एका दमात बदलल्या असत्या. पोरीने सगळे पिवळे खालच्या ओळीतून घेतले होते. मग काय, प्रत्येक स्लाइडवर जाऊन चौकटी एकत्र निवडल्या आणि वरच्या रकान्यातला गडद निळा दिला. पांढरी अक्षरे तशीच राहू दिली.

पडद्यावर रंग फिके का पडतात, असे तिने विचारले. प्रोजेक्टर काळोख टाकू शकत नाही, तो फक्त उजेड टाकतो. खिडकीतून ऊन आले की पडदा सगळाच उजळतो. पिवळे आणि पांढरे तर मुळातच उजळ, तिथे फरक उरत नाही.

चालू नळ हिरवे आणि बंद नळ लाल, असाही एक तक्ता होता. लाल-हिरव्यातला फरक न कळणारी माणसे असतात, पुरुषांत जास्त. शिवाय सर झेरॉक्स मागणार, आणि झेरॉक्समध्ये दोन्ही रंग करडेच. म्हणून प्रत्येक चौकटीत 'चालू' किंवा 'बंद' लिहायला लावले. 'व्ह्यू'मध्ये 'ग्रेस्केल' दाबले की झेरॉक्स साधारण कशी दिसेल ते आधीच कळते. पॉवरपॉइंट १९८७ साली आले तेव्हा काळे-पांढरेच होते, रंग आले १९८८ च्या दुसऱ्या आवृत्तीत. त्या पहिल्या वर्षी लोकांनी शब्दांवरच भागवले असणार.

ज्यांच्याकडे पॉवरपॉइंट नाही त्यांनी लिब्रेऑफिस घ्यावे, ते फुकट मिळते. त्यातल्या 'इम्प्रेस'मध्ये चौकट निवडली की उजव्या बाजूला 'एरिया'खाली रंग बदलता येतो. सायबरमध्ये बसण्याआधी कोणत्या चौकटीला कोणता रंग द्यायचा ते घरीच कागदावर लिहून न्यावे. मीटर तिथे विचार करायलाही चालूच असतो.

दहाच्या आत काम झाले. शेवटी मी तिला खोलीच्या दुसऱ्या टोकाला, दाराशी उभे केले आणि वाच म्हटले. तिने सगळ्या स्लाइड वाचल्या. एका ठिकाणी अडखळली, तिथली अक्षरे मोठी केली. मग पेनड्राइव्ह ओढणीच्या टोकाला गाठ मारून घरी गेली.